चार वर्षांची गाडी

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, आई, एवढी घाई कसली? गाडीच्या लीजचा भाडेकरार संपायला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे, मग ती आत्ताच दुसऱ्याच्या नावावर का करतेस? आणि शिवणकामाचं दुकान विकून आलेले पैसे रुग्णांच्या संस्थेला द्यायचेच आहेत तर पुढच्या वर्षी दे, पुढच्या वर्षी तुझी ठेव पिकेल, उत्पन्न वाढेल, तेव्हा देणगीची करातली वजावट खरी कामाला येईल; यंदा तुझं उत्पन्न ते केवढं, वजावट करणार कशातून? बरोबर आहे बाई तुझं. लोक तुला पैसे मोजून हे विचारायला येतात आणि मी फुकट मिळालेला सल्ला उडवून लावते. मी नुसतं बघू म्हणाले आणि दारावर कुणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. तुझा आवाज कानात असताना मला धड खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलणं तर त्याहून जमत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण माझ्या पद्धतीनं. शिवण उसवायची तर टोकापासून उसवावी, मधेच कात्री घातली की कापड फाटतं. तेव्हा शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणची खोड जरा बाजूला ठेव.

आधी बातम्या. गाडी कुणाला देतेय ते तू फोनवर ऐकूनच घेतलं नाहीस. संस्थेत येणाऱ्या त्या परिचारिका बाई, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करतात त्या. हसल्या की आख्ख्या जिन्याला कळतं, बाई आल्या म्हणून. उरलेले हप्ते त्या भरतील, मुदत संपली की त्याच परत करतील. लीज कंपनीचा माणूस गाडी तपासून गेला. हातात टॉर्च घेऊन गाडीखाली असा शिरला की मी तिथं चोरीचं सोनंच दडवलंय जणू. मागच्या दाराला मोठा ओरखडा आहे, त्यावरून बोट फिरवत त्यानं विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, माझ्या शिक्षणाचं. हसला नाही मेला. पण ओरखडा नेहमीच्या वापरातला धरला आणि भुर्दंड लावला नाही, तेव्हा माणूस वाईट नसावा. बाई पुढच्या आठवड्याअखेर गाडी न्यायला येतील. त्याआधी तू एकदा त्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसावंस एवढीच माझी इच्छा आहे. बाबा गेल्यापासून तू तिला हात लावलेला नाहीस. येतेस ती टॅक्सीनं, फाटकातून आत येताना मान दुसरीकडे वळवतेस, आणि दोन तासांत परतीची टॅक्सी बोलावतेस. मागच्या खेपेला पाठीत उसण भरली होती तुझ्या, तरी मी सोडते म्हटल्यावर नको म्हणालीस. मला कळत नाही असं समजू नकोस. त्या गाडीकडे पाहिलं की तुला वाटतं, आपण बाबांना फसवलं.

हे फसवण्याचं ओझं तुझ्या डोक्यावरून उतरवायचंय मला. बाकी सगळं नंतर.

तुझ्या बाबांना खोटं बोलता येत नव्हतं हे आपल्या दोघींपेक्षा जास्त कुणाला माहीत? वजनमाप खात्याच्या नोकरीत आयुष्यभर बाजारात फिरून लोकांचे तराजू तपासले त्यांनी, आणि तो तराजू घरीसुद्धा खाली ठेवला नाही. कुणी माझं वय विचारलं की मी दोन वर्षं चोरायची आणि ह्यांनी शेजारून दुरुस्ती करायची. पाहुणे माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक करायला लागले की हे म्हणणार, आज मीठ जरा कमीच होतं. आणि ती जुनी निळी गाडी संस्थेला दान करायची ठरली तेव्हाचा गोंधळ! गाडी दान केली की तिच्या किमतीएवढी वजावट मिळते, तेव्हा बाबा, हालत चांगली असं लिहा, एवढंच तू म्हणाली होतीस. ह्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं, ब्रेक सैल, डावी काच अर्ध्यावर अडकते, थंडीत सुरू होण्याआधी विनवण्या कराव्या लागतात. तू कपाळावर हात मारून म्हणालीस, बाबा, तुम्ही दान करताय की तक्रार नोंदवताय? वजावट आली ती अगदीच नावाला. पण तो कागद पाकिटात घालताना कसे छाती फुगवून बसले होते, आठवतंय ना? त्या दिवशी आपण तिघं शेवटचं मोकळं हसलो असं मला वाटतं. तोवर त्यांचं दुखणं नुसतं पोटाचं होतं.

मग तो दवाखान्यातला लांबलचक पॅसेज. डॉक्टर हातातलं पेन टकटक करत उभे होते आणि मी त्या पेनाकडेच बघत होते. वर्षभर, म्हणाले. थोडं इकडे, थोडं तिकडे. तू माझं कोपर घट्ट धरलंस आणि म्हणालीस, बाबांना सांगायचं नाही, ते खचतील. डॉक्टर म्हणाले, मी आपण होऊन सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मी मान हलवली. मला तेव्हा काही सुचतच नव्हतं ग, कुणीतरी काहीतरी ठरवतंय याचाच आधार वाटला. आत गेल्यावर तू त्यांना सांगितलंस, आतड्याला सूज आहे, औषधं जरा लांबतील. आणि हसलीस. माझ्या पोटच्या पोरीला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहू नये. ह्यांनी डॉक्टरांना कधी काही विचारलं नाही. तू म्हणायचीस, बघ, बाबांचा माझ्यावर किती विश्वास आहे.

निळी गाडी गेली होती आणि दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जाताना ह्यांच्या तोंडाला फेस यायचा. तूच म्हणालीस, विकत नको, लीजवर घेऊ, वर्षभरासाठी. वर्षभर का, ते मला माहीत होतं, तुला माहीत होतं. त्या शोरूममधले ते टाय लावलेले गृहस्थ, गोडबोले, प्रत्येक वाक्याला सर म्हणणारे. त्यांनी समजावून सांगितलं की सर, एक वर्षाला हप्ता जबर पडतो, चार वर्षांचं केलंत तर महिन्याला खूपच हलकं, शिवाय देखभाल आमची. ह्यांना हिशेब पटला. का नाही पटणार? तू एकेक कारण काढत होतीस, नवीन मॉडेल येतील, दर उतरतील, किलोमीटरची मर्यादा आहे, आणि हे शांतपणे एकेक कारण खोडत होते, एखाद्या दुकानदाराची बनवाबनवी खोडावी तसे. मुदत जास्त, हप्ता कमी, यात वाईट काय आहे ते सांग, म्हणाले. तुझी कारणं संपली. तुझा आवाज चढला. आणि तुझ्या तोंडून गेलं, चार वर्षं कशाला बाबा, नंतर ती आईच्याच गळ्यात पडेल.

टायवाले कागद सारखे करत बसले. तू पांढरीफटक पडलीस, आणि मग घाईघाईनं सारवासारव केलीस की आईला चालवता येत नाही म्हणून म्हणतेय मी. हे मोठ्यानं हसले. अगं मग शिकवतो की तिला, म्हणाले, चार वर्षांत माकडसुद्धा शिकेल. आणि पेन उचलून चार वर्षांवर सही ठोकली. मी माकड या शब्दावरून भांडण काढलं, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना. तू तोंड धुऊन आलीस तोवर हे टायवाल्यांशी रंगावरून वाद घालत होते, पांढरा मळतो का राखाडी मळतो म्हणून. संध्याकाळी तू मला फोन करून म्हणालीस, देवाची कृपा, बाबांच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, हो.

त्यानंतरचे महिने तू पाहिलेसच. कसला उत्साह होता त्यांना! तिसऱ्या वर्षी समुद्रापर्यंत जायचं, चौथ्या वर्षी गाडी परत करताना टायवाल्यांना तो टाय बदलायला सांगायचं, आणि नंतरची गाडी कुठली घ्यायची यावर जावयाशी तासन् तास चर्चा. आणि माझं शिक्षण. बाजारामागच्या रिकाम्या मैदानात मला घेऊन जायचे. मी गियर टाकला की गाडी कण्हायची आणि ती कण्हली की हे कण्हायचे. क्लच हळू सोड, हळू, शिलाई मशीन नाहीये ते, असं ओरडायचे. दवाखान्याच्या खांबाला दार घासलं तेव्हा मी गाडीतच रडायला लागले, तर म्हणतात कसे, रडू नकोस, खांबाला फारसं लागलेलं नाही. तू दर रविवारी यायचीस, त्यांच्या समुद्राच्या बेतांना हो हो करायचीस, कुठल्या हॉटेलात उतरायचं तेसुद्धा ठरवायचीस, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडायचीस. तुला वाटायचं पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही. बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं पोरी.

ते गेले तेव्हा लीजचं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. कंपनीला कळवलं तर लीज आधी मोडायचा दंड ऐकून तुझ्या भुवया कपाळात गेल्या. तू म्हणालीस, मी भरते, ती गाडी परत जाऊ दे, मला ती डोळ्यांसमोर नको. मी नाही म्हटलं. तू माझ्यावर अशी चिडलीस की कधी चिडली नव्हतीस. आणि मग ओट्याला टेकून म्हणालीस, मी त्यांना चार वर्षांच्या भ्रमात मरू दिलं ग आई, माणसाला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही मी. माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण मी शब्दाला बांधलेली होते, आणि ज्यांना शब्द दिला त्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी भांडी विसळायला घेतली. तुला वाटलं, आईचंही तेच मत आहे.

गाडी दारात नुसती उभी ठेवणं जिवावर यायला लागलं म्हणून मी संस्थेत नाव दिलं. रुग्णांना उपचाराला न्यायचं आणि परत आणायचं. तुझ्यातली कर सल्लागार लगेच जागी झाली. सेवेसाठी चालवलेल्या किलोमीटरांचीसुद्धा वजावट मिळते आई, दर खेपेला काटा बघून लिहून ठेव. मी कधी लिहिते, कधी विसरते, आणि वर्षाअखेरीला तू फोनवर अशी उलटतपासणी घेतेस की मला वाटतं मी बँक लुटून आलेय. एकीकडे तू म्हणतेस किलोमीटर लिही, दुसरीकडे लीजवाले म्हणतात किलोमीटर वाढवू नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण त्या गाडीत मला एक गोष्ट कळली. मागच्या सीटवर बसलेली माणसं घरी बोलत नाहीत ते माझ्याशी बोलतात. माझं तोंड रस्त्याकडे असतं ना, म्हणून असेल. एक निवृत्त घड्याळजी होते, नेहमी टापटीप. एकदा सिग्नलला थांबले असताना म्हणाले, मुलांना वाटतं मला काही माहीत नाही, आणि मला माहीत आहे हे मी त्यांना कळू देत नाही, बिचारी किती मेहनत घेतात. पुढच्या महिन्यात त्यांचं नाव यादीतून गेलं. त्या दिवशी मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ बसले होते. पाठीमागून लोक हॉर्न वाजवत होते आणि मी आपली बसलेली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. बाबांना माहीत होतं. तुझ्या तोंडून ते वाक्य गेलं त्याच क्षणी त्यांना कळलं. तू टायवाल्यांबरोबर कागद आणि किल्ल्या आणायला आत गेलीस, आम्ही दोघं त्या नव्याकोऱ्या गाडीत बसलो होतो, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत विचारलं, किती वेळ आहे म्हणाले डॉक्टर? मला काय झालंय, असं नाही विचारलं. किती वेळ, ते विचारलं. मी सांगितलं, वर्षभर. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, भिंगरीला कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, स्वतःचं ऐकून आलं नव्हतं ते. म्हणाले, एकटीनं एवढं घेऊन फिरतेय होय. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, तिच्या तोंडून मला कळलं हे तिला कधी कळता कामा नये, जन्मभर टोचत राहील पोरीला. मी शब्द दिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सही तर त्यांनी आधीच केली होती! हातात पेन होतं, तुझा चेहरा समोर होता, आणि तेवढ्यात त्यांनी ठरवलं की हिला वाटलं पाहिजे बापाला काही कळलं नाही. म्हणून चार वर्षं. ज्या माणसानं चिमूटभर वजन मारणाऱ्याला कधी सोडलं नाही, त्यानं तुझ्यासाठी भर दुकानात काटा मारला. नंतर समुद्राचे बेत, पुढच्या गाडीची चर्चा, सगळं तुझ्यासाठी चाललं होतं. तू गेलीस की दमून पडायचे आणि विचारायचे, पटलं का ग तिला?

आणि तू म्हणतेस निरोप घेऊ दिला नाही. घेतला ग त्यांनी. तुला आठवतं, एकदा भर दुपारी ते तुझ्या ऑफिसात आले होते, कसल्यातरी फॉर्मवर तुझी सही पाहिजे म्हणून? सही पाहिजेच नव्हती. बाहेर आलेल्या लोकांच्या रांगेत बसून त्यांना तुला काम करताना बघायचं होतं. घरी आल्यावर मला म्हणाले, पोरगी कामात वाघ आहे, समोरच्याला तीनदा समजावते पण तोंड वाकडं करत नाही, हे तुझ्याकडून नाही आलं. आणि त्यानंतर एका रविवारी त्यांनी तुला देणगीच्या वजावटीचं सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लावलं. वस्तू दिली तर कसं, पैसे दिले तर कसं, यंदा द्यावं की पुढच्या वर्षी. तू पेन्सिल घेऊन चौकटी काढून काढून सांगत होतीस, ते वेड्यासारखे प्रश्न विचारत होते, आणि तू म्हणालीस, बाबा, लक्ष कुठंय तुमचं? लक्ष तुझ्याकडे होतं. सरकारी नोकरीत जन्म गेला त्यांचा, वजावट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं होय? तुझं बोलणं संपू नये म्हणून विचारत होते. तू गेल्यावर म्हणाले, आज पोटभर बघून घेतलं तिला.

मला हे सगळं माहीत होतं आणि तुला नव्हतं, याचंच मला वाईट वाटतं. त्यांना कळलं म्हणून आम्हा दोघांना खरं बोलता आलं. आम्ही त्या गाडीत बसून रडायचो, काचा वर करून, घरात शेजारी ऐकतील म्हणून. मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा, की मला एकटीला टाकून निघालात म्हणून, आणि त्यांनी ऐकून घेतलं. काय काय बोललो आम्ही! लग्नाच्या आधी मला कुणाचं स्थळ आलं होतं ते मी तेव्हा सांगितलं त्यांना, आणि मरणाच्या दारात असलेला तो माणूस दोन दिवस फुगून बसला. मला ते शेवटपर्यंत पूर्ण मिळाले ग. तुझ्या वाट्याला मात्र ते हसणारे, बेत करणारे बाबा आले. तू त्यांच्यासाठी हसत होतीस आणि ते तुझ्यासाठी. दोघं एकमेकांना इतकं जपलंत की एकदासुद्धा गळ्यात पडून रडला नाहीत. कुणाला दोष देऊ मी? दोघंही माझीच. मी मधे उभी राहून दोघांना पाणी देत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं का, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. आज त्यांना दिलेला शब्द मोडतेय. ते असते तर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं, आणि मग गुपचूप खिडकीत जाऊन तुझी वाट बघितली असती.

आता तुझा प्रश्न, घाई कसली. यंदाच देणगी का देतेय आणि गाडी आत्ताच का सोडतेय. भिंगरे, पुढच्या वर्षीची वजावट मला उपयोगाची नाही. आपलेच ते डॉक्टर, अजून पेन टकटक करतात. मी एकटीच गेले होते, स्वतः गाडी चालवत, आणि त्यांना म्हटलं, पॅसेजमध्ये कुणाला गाठू नका, जे आहे ते माझ्या तोंडावर सांगा. सांगितलं त्यांनी. बाबांना मिळाला होता तेवढासुद्धा वेळ नाही. माझ्यापासून लपवायचं असं तुझ्याकडे काही नाही आणि तुझ्यापासून लपवायचं असं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. तुला हे कागदावर वाचायला लागतंय याबद्दल मला माफ कर, पण तुझ्यासमोर बसले असते तर तुझा चेहरा बघून मीसुद्धा समुद्राचे बेत करत बसले असते. मला तसं जायचं नाही. शनिवारी सकाळच्या आगगाडीनं ये, टॅक्सी करू नकोस, मी स्टेशनवर घ्यायला येते. वाटेत काही बोलता आलं नाही तरी चालेल. रडू आलं तर रड, चिडावंसं वाटलं तर चीड, मला बोल काय वाटेल ते, फक्त मी बरी होणार आहे असं म्हणू नकोस. मला भीती वाटते ग, रोज वाटते, आणि ती मला तुझ्याजवळ बोलून दाखवायची आहे. तुझा निरोप घ्यायचा आहे, नीट, तुझा हात हातात धरून, आणि तो घेताना मला तुझं रडणं बघायचं आहे.

तुझीच, अजून तरी इथेच असलेली,
आई